खड्डा म्हणजे चूक नव्हे : उंचीचे नकाशे सोपे करताना सावलीच्या मुलखात काय राखायचे?

मूलहून गडचिरोलीकडे निघाले की वाटेत चंद्रपूर जिल्ह्यातला सावली तालुका लागतो. व्याहाड मागे पडले की वैनगंगेचा पूल, आणि पलीकडे गडचिरोली. हा सगळा धानाचा मुलूख. धुऱ्यांनी आखलेल्या बांध्या, गावोगावच्या बोड्या (लहान तळी), पाळीआड साठलेले तलाव आणि मधूनमधून जंगलाचे पट्टे. गाडीतून बघणाऱ्याला ही जमीन सपाट वाटते. धान लावणाऱ्याला ती कधीच सपाट नसते. वरच्या बांधीतून खालच्या बांधीत पाणी उतरायला वीतभर उतार पुरतो, आणि तेवढाच उतार उलटा निघाला तर शेजाऱ्याशेजाऱ्यांत जुंपते.

याच जमिनीची उंची आता उपग्रहांनी मोजलेली आहे आणि काही ठिकाणी ड्रोनही फिरू लागले आहेत. जमिनीवर चौकटी आखून प्रत्येक चौकटीची उंची नोंदवायची, असा जो आकड्यांचा तक्ता तयार होतो त्याला डिजिटल एलिव्हेशन मॉडेल म्हणतात. कचेरीतल्या बोलण्यात नुसते डीईएम. कालव्याची आखणी, पूररेषा, पाणलोटाचा आराखडा, जंगलातला रस्ता, सगळ्याची सुरुवात आता याच तक्त्यापासून होते. अडचण आकड्यांच्या संख्येची आहे. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. ३० मीटरच्या चौकटी धरल्या तर सुमारे १ कोटी ६० लाख आकडे होतात आणि साधा संगणकही ते पेलतो. चौकट १ मीटरची केली की आकडे १,४४१ कोटींवर जातात. त्यांच्यावर पुराचे गणित चालवायचे किंवा ते तलाठ्याच्या मोबाइलवर उघडायचे म्हटले तर आधी ते कमी करावे लागतात.

कमी करायचे, पण भूरूपाची ओळख पुसू द्यायची नाही. शिखर, खिंड, नाला, कडा यांतले महत्त्वाचे ते राहिले पाहिजे. या एका मागणीवर गेली पन्नास वर्षे गणिती, नकाशाकार आणि जलशास्त्रज्ञ काम करीत आहेत. त्यांच्या मुख्य वाटांचा हा आढावा. प्रत्येक वाट सावलीच्या जमिनीवर कितपत उतरते, ही कसोटी येथे मुद्दाम लावली आहे. यांतल्या बहुतेक पद्धती डोंगराळ प्रदेशांवर घडल्या आणि पारखल्या गेल्या. तलावांच्या सपाट मुलखात 'महत्त्वाचे काय' याची त्यांची व्याख्याच अपुरी पडते.

आधी उंची आली कुठून

भारताच्या मोजणीचा इतिहास विदर्भाला परका नाही. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घालणारा विल्यम लॅम्टन १८२३ साली हिंगणघाटला वारला. मोजणी करीत उत्तरेकडे सरकताना त्याचा शेवटचा मुक्काम तिथेच पडला. त्या परंपरेतून पुढे भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे टोपोशीट आले. त्यावर समोच्च रेषांमधले अंतर साधारणपणे २० मीटरचे असते. डोंगराळ भामरागडच्या शीटवर या रेषांची दाटी होते. वैनगंगेकाठच्या धानपट्ट्यात मात्र एक रेषा दिसली की दुसरी शोधावी लागते. तरीही त्या शीटवर तलाव हरवत नव्हते, कारण सर्वेक्षक तलावाची पाळ वेगळ्या खुणेने काढत असे. काय गाळायचे आणि काय ठेवायचे हे माणूस जागेवर ठरवत होता.

फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने जगाच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. हा एसआरटीएम संच आधी ९० मीटरच्या आणि २०१४ पासून ३० मीटरच्या चौकटींत सर्वांना खुला झाला. ५ मे २००५ रोजी इस्रोने कार्टोसॅट-१ सोडला. एकाच जमिनीची पुढून आणि मागून अशी दोन छायाचित्रे घेऊन तो उंची काढत असे. त्यातून हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने कार्टोडेम तयार केले आणि ते इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर ठेवले. पुढे जर्मनीच्या टॅनडेम-एक्स मोहिमेतून कोपर्निकस डीईएम आले.

या सगळ्यांत एक मेख आहे. छायाचित्राला झाडाचा शेंडा दिसतो, बुंधा दिसत नाही. रडारही दाट पानोऱ्यातून पुरते खाली उतरत नाही. त्यामुळे सागवानाच्या जंगलात हे संच जमिनीची उंची न देता बहुतांशी झाडोऱ्याची देतात. गडचिरोलीचे दोन-तृतीयांश क्षेत्र जंगलाखाली असल्याने ही गोष्ट तळटीपेत ढकलून चालत नाही. २०२२ साली ब्रिस्टल विद्यापीठाच्या गटाने कोपर्निकसच्या संचातून झाडे आणि इमारती यंत्रशिक्षणाच्या साहाय्याने वजा करून फॅबडेम नावाचा संच काढला. तोही अंदाजच आहे, पण जंगल जिल्ह्यांसाठी कच्च्या संचापेक्षा बरा.

सरासरीची सोपी वाट

आकडे कमी करण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे चौकट मोठी करणे. नऊ लहान चौकटींची सरासरी काढायची आणि एक मोठी चौकट भरायची. जवळपास प्रत्येक जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली) सॉफ्टवेअरमध्ये हे एका बटणाचे काम आहे, म्हणून सर्वाधिक नुकसानही याच वाटेने होते.

एका तलावाची पाळ घेऊन हिशेब मांडू. समजा पाळ ३ मीटर उंच आणि १० मीटर रुंद आहे आणि ती ३० मीटरच्या चौकटीतून सरळ जाते. चौकटीचा एक-तृतीयांश भाग पाळीचा, बाकीचा जमिनीचा. सरासरीत पाळीची उंची १ मीटर उरते. चौकट ९० मीटरची केली की ती ३३ सेंटिमीटरवर येते. खरी पाळ माथ्याला निमुळती असते, म्हणजे प्रत्यक्षात याहूनही कमी उरणार. उपग्रहाच्या संचांत मोजणीचीच चूक काही मीटरची असते. त्या गोंधळात ३३ सेंटिमीटरची पाळ दिसण्याचा प्रश्नच येत नाही. संगणकाच्या लेखी तलाव फुटलेला असतो.

उतारावरही हाच परिणाम होतो. चौकट वाढवत गेले की उतार मंदावतात, नाले उथळ होतात आणि माथे खाली येतात. झांग आणि माँटगोमेरी यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या दोन लहान पाणलोटांवर हे तपासले. पाणी आणि मातीच्या प्रक्रियांसाठी साधारण १० मीटरची चौकट हा तडजोडीचा आकडा त्यांनी सुचवला. तो आजही वापरला जातो. डोंगरउतारासाठी तो ठीक आहे. बांधीच्या धुऱ्याला तोही मोठाच पडतो.

नुसत्या सरासरीपेक्षा शहाण्या गाळण्या आता उपलब्ध आहेत. जॉन लिंडसे आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडलेली पद्धत प्रत्येक चौकटीच्या उताराची दिशा शेजाऱ्यांशी ताडून पाहते. दिशा जवळजवळ सारखी असेल तरच ती खडबडीतपणा घासते. जिथे दिशा एकदम बदलते, म्हणजे पाळीच्या किंवा नाल्याच्या काठावर, तिथे ती हात आखडता घेते. लेसर किंवा ड्रोनची बारीक मोजणी असेल तर सावलीसारख्या भागात ही पद्धत खरोखर उपयोगी आहे. ३० मीटरच्या संचावर तिचा उपयोग नाही, कारण जे मोजलेच गेले नाही ते राखता येत नाही.

त्रिकोणांची जाळी

चौकटीच्या मागे दडलेले गृहीतक असे, की जमिनीला सगळीकडे सारखेच तपशील लागतात. ते खरे नाही. पठारावर चार बिंदू पुरतात, घाटात चारशेही कमी पडतात. १९७० च्या दशकात टॉमस प्यूकर आणि सहकाऱ्यांनी अनियमित त्रिकोणांची जाळी ही कल्पना पुढे आणली. जिथे भूरूप गुंतागुंतीचे तिथे लहान त्रिकोण दाट आणि जिथे सरळ तिथे मोठे त्रिकोण विरळ. हाच प्यूकर डेव्हिड डग्लस यांच्यासह १९७३ मध्ये नकाशातल्या रेषा सोप्या करण्याची रीत देऊन गेला होता. नदीचे किंवा रस्त्याचे वळण कमी बिंदूंत कसे काढायचे याचे ते उत्तर आजही जगभर चालते.

मग प्रश्न आला तो कोणते बिंदू निवडायचे हा. चेन आणि गेव्हारा यांनी १९८७ मध्ये प्रत्येक बिंदू आपल्या शेजाऱ्यांपेक्षा किती वेगळा आहे यावर त्याचे महत्त्व ठरवले. या रीतीत स्थानिक खडबडीतपणाला फार मान मिळतो आणि लांबवर हळूहळू चढणारी जमीन दुर्लक्षित राहते. मायकेल गारलँड आणि पॉल हेकबर्ट यांनी १९९५ मध्ये उलट दिशेने सुरुवात केली. आधी चार कोपरे घेऊन दोन त्रिकोण मांडायचे. खऱ्या जमिनीपासून जाळी जिथे सर्वांत जास्त चुकते तो बिंदू जाळीत घालायचा, त्रिकोण नव्याने जुळवायचे आणि पुन्हा सर्वांत मोठी चूक शोधायची. ठरलेले बिंदू संपेपर्यंत किंवा चूक मर्यादेत येईपर्यंत हेच. दोन वर्षांनी त्यांनीच दिलेली, कडा आक्रसत जाणारी रीत आज त्रिमितीय खेळांपासून भूरूपांपर्यंत सगळीकडे आहे.

कमीत कमी त्रिकोणांत ठरावीक चुकीच्या आत जमीन बसवण्याचे बिनचूक उत्तर काढणे व्यवहारात अशक्य आहे, असे पंकज अग्रवाल आणि सुभाष सुरी यांनी १९९० च्या दशकात गणिताने दाखवले. म्हणून सगळ्याच पद्धती 'बऱ्यापैकी' उत्तरावर समाधान मानतात. मग निवड कसोटीवर येते. चूक मीटरमध्ये मोजली तर मोठ्या उंचीला प्राधान्य, आणि लहान उंचीला सरळ फाटा.

सावली आणि मूलच्या पट्ट्यावर सर्वांत मोठी चूक शोधत जाणारी ही रीत चालवली तर काय होईल हे सांगायला संगणक लागत नाही. पहिले शेकडो बिंदू मूलच्या टेकड्यांवर आणि सोमनाथच्या बाजूच्या चढांवर जातील. ते योग्यच. त्यानंतरचे बिंदू मात्र जंगल आणि शेत यांच्या सीमेवर जाऊन बसतील, कारण उपग्रहाच्या संचात तिथे झाडांच्या उंचीएवढी पायरी आहे. जमिनीवर तसा कडा कुठेच नाही. चूक मोजणाऱ्या सूत्राला हे कळत नाही. ते झाडांचा कडा जपते आणि तीन मीटरची पाळ सोडून देते. गारलँड-हेकबर्ट यांच्या चाचण्यांत ओरेगॉनमधले क्रेटर लेक होते. तिथे खोल विवराचा काठ हेच वैशिष्ट्य आणि ते उत्तम राखले गेले. वैनगंगेकाठी वैशिष्ट्य वेगळे आहे.

यावर उपाय जुनाच आहे, पण वापरला जात नाही. त्रिकोणांची जाळी विणताना काही रेषा सक्तीच्या ठरवता येतात. कोणताही त्रिकोण त्या रेषेला ओलांडणार नाही, असे बंधन घालता येते. तलावाच्या पाळी, कालव्याचे काठ, नाल्याचे पात्र आणि रस्त्याचा भराव या रेषा आधी हाताने किंवा चित्रावरून आखून द्यायच्या आणि उरलेल्या जमिनीवर सूत्राला मोकळे सोडायचे. यात थोडी मेहनत आहे. माणसाच्या निवडीला मात्र पुन्हा जागा मिळते.

शिखरे, खिंडी आणि खड्डे यांचे गणित

तिसरी वाट आकारापेक्षा नात्यांकडे बघते. आर्थर केली यांनी १८५९ मध्ये आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७० मध्ये जमिनीची मांडणी शिखर, खिंड आणि खड्डा या तीन प्रकारच्या बिंदूंतून केली. शिखरावरून उतरणाऱ्या आणि खड्ड्यात मिळणाऱ्या रेषांनी सगळी जमीन डोंगर आणि दऱ्यांत वाटली जाते. जलविभाजक आणि नाले त्यातूनच निघतात.

या जुन्या कल्पनेला एडेल्सब्रुनर, लेचर आणि झोमोरोडियन यांनी २००२ मध्ये नवे हत्यार दिले. प्रत्येक शिखराची एका खिंडीशी जोडी लावायची आणि त्यांच्या उंचीतला फरक म्हणजे त्या शिखराचे टिकाऊपण मानायचे. खड्ड्यांचेही तसेच. फरक ठरावीक मर्यादेहून कमी असेल तर ती जोडी गोंगाट समजून मिटवायची, जास्त असेल तर ठेवायची. या मार्गाने सोप्या केलेल्या जमिनीत खोटी शिखरे उगवत नाहीत आणि खरी गायब होत नाहीत. गणित म्हणून ही या क्षेत्रातली सर्वांत नीटस मांडणी आहे.

तरीही सावलीत ती अडखळते. गावतलावाचे टिकाऊपण किती? सांडव्यापासून तळापर्यंतचे अंतर, म्हणजे दोन-तीन मीटर, बोडीचे त्याहून कमी. गोंगाटाची मर्यादा पाच मीटर ठेवली की गावातला प्रत्येक तलाव पहिल्याच फेरीत मिटतो. मर्यादा एक मीटर ठेवली तर तलावांबरोबर मोजणीतल्या चुकांचे हजारो खोटे खड्डेही राहतात. येथे कार, स्नॉयिंक आणि व्हॅन डी पान यांनी २००४ मध्ये सुचवलेला बदल कामाचा आहे. महत्त्व नुसत्या उंचीवर न मोजता क्षेत्रावर किंवा घनफळावर मोजा, असे ते म्हणतात. तलाव उथळ असला तरी त्याचा पसारा मोठा असतो आणि त्यात पाणी भरपूर मावते. मोजणीतली चूक सहसा एक-दोन चौकटींपुरती असते. घनफळाची कसोटी लावली की तलाव वाचतात आणि चुका गळतात. पूर्व विदर्भातल्या या मुलखासाठी, म्हणजे झाडीपट्टीसाठी, या एका बदलाचे मोल बाकीच्या अनेक सुधारणांहून जास्त आहे.

पाण्याचे सॉफ्टवेअर आणि भरलेले खड्डे

डीईएमचा सर्वाधिक वापर पाण्यासाठी होतो, आणि सर्वांत खोल चूकही तिथेच आहे. ओकॅलघन आणि मार्क यांनी १९८४ मध्ये प्रत्येक चौकटीतले पाणी आठ शेजाऱ्यांपैकी सर्वांत तीव्र उताराच्या शेजाऱ्याकडे जाते, असा साधा नियम दिला. खड्ड्यात हा नियम अडतो, कारण तिथून खाली जायला शेजारीच नसतो. १९८८ मध्ये जेन्सन आणि डोमिंग यांनी उपाय दिला : खड्डा त्याच्या काठापर्यंत भरून टाका. तेव्हाच्या ढोबळ संचांत बहुतेक खड्डे खरोखरच चुकीचे असत, म्हणून ही रीत रूढ झाली. आज कोणत्याही जीआयएस प्रशिक्षणात पाणलोट काढायची पहिली पायरी हीच शिकवली जाते.

आता चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांचा नकाशा आठवा. गोंड राजवटीच्या काळापासून येथे तलाव बांधले गेले आणि कोहळी समाजाचे त्यातले कसब प्रसिद्ध आहे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले, म्हणून त्यांना माजी मालगुजारी किंवा मामा तलाव म्हणतात. पूर्व विदर्भात त्यांची संख्या हजारांत आहे. सावली तालुक्यातला आसोलामेंढा तलाव १९१८ सालचा. गोसेखुर्द धरणाचा सुमारे ९९ किलोमीटरचा उजवा कालवा आता त्याच्यापर्यंत आणलेला आहे. हे सगळे तलाव सॉफ्टवेअरच्या व्याख्येत खड्डे आहेत. पहिल्याच पायरीला ते भरले जातात, आणि भरलेल्या सपाट जागेतून सॉफ्टवेअर नाल्याची एक सरळ, मनमानी रेष ओढते. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या खणून, पाळ घालून जे उभे केले ते मोजणीतली चूक ठरते.

परिणाम कागदापुरता राहत नाही. एका पाणलोटात वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात उतरतो, त्याचा पुढच्या बोडीत. पावसाळ्याच्या सुरुवातीला वरचा तलाव रिकामा असतो तेव्हा खाली थेंबही जात नाही. तो भरला की एकदम पाणी सुटते. खड्डे भरलेल्या मॉडेलमध्ये जूनच्या पहिल्या पावसाचे पाणीही थेट नदीला पोचते. पुराचा अंदाज फुगतो, सिंचनाचा हिशेब चुकतो आणि नव्या बंधाऱ्याची जागा चुकीच्या आकड्यावर ठरते.

काही तज्ज्ञ खड्डा भरण्याऐवजी त्याच्या काठाला चर पाडतात. लेसरच्या बारीक संचात रस्त्याचा भराव नाल्यावर धरणासारखा दिसतो, कारण खालची मोरी वरून दिसत नाही. तिथे चर पाडणे अगदी योग्य. तीच रीत तलावाला लावली तर मात्र संगणक पाळ फोडतो. नकाशातला नाला डीईएममध्ये कोरून घालण्याची पद्धतही अशीच दुधारी आहे.

रिचर्ड बार्न्स, केरी कॅलाघन आणि अँड्र्यू विकर्ट यांनी २०२० आणि २०२१ मध्ये वेगळा विचार मांडला. खड्डे मिटवू नका, त्यांची वंशावळ तयार करा. कोणता खड्डा भरून कोणत्यात सांडतो आणि दोन भरले की एक कसे होतात, हे आधी नोंदवा. मग पडलेल्या पावसाचा हिशेब त्या साखळीतून चालवा. पद्धत जगभरच्या भूरूपांसाठी लिहिली आहे, पण वर्णन हुबेहूब आमच्या तलावांच्या साखळीचे आहे. सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीच्या पाणलोटांवर काम करणाऱ्यांनी खड्डे भरण्याची सवय सोडून या पद्धतीपासून सुरुवात करावी.

सपाट नदीकाठाचाही मुद्दा आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला आणि ब्रह्मपुरी ते गडचिरोली काठची गावे पाण्यात गेली. अशा पुरात नदी फुगली की पाणी नाल्यांच्या तोंडातून उलटे आत शिरते. सोप्या केलेल्या नकाशात काठाचा उंचवटा घासला गेला तर पूर प्रत्यक्षापेक्षा आधी शेतात शिरतो. नाल्याचे तोंड बुजले तर मागची वस्ती सुरक्षित दिसते. दुसरी चूक जास्त घातक.

बघण्यासाठी सोपे करणे

भिंतीवरचा नकाशा किंवा शाळेचे पुस्तक यांची गरज निराळी. तिथे वाचकाला मुलखाचा चेहरा कळला पाहिजे, सेंटिमीटरचा हिशेब नको. लिओनोविच, जेनी आणि हुर्नी यांनी २००९ मध्ये यासाठी सुटसुटीत युक्ती दिली. डोंगरमाथ्यावर आसपासच्या उंचीतली वरची बाजू धरायची आणि दरीत खालची. त्यामुळे लहान प्रमाणाच्या नकाशातही डोंगररांगा आणि नद्यांची खोरी ठसठशीत उठतात. टिपागड, सुरजागड, भामरागड यांच्या रांगा अशा नकाशावर छान दिसतील. फक्त या नकाशावरून कोणी कालवा आखू नये.

चुकीचे मोजमापच फसवे

शोधनिबंधांत पद्धतींची तुलना बहुतेक वेळा एका आकड्याने होते : सगळ्या बिंदूंच्या चुकांचा वर्ग, त्याची सरासरी आणि तिचे वर्गमूळ. हा आकडा लहान असेल तर पद्धत चांगली. सावलीच्या संदर्भात तो किती भाबडा आहे हे एका गणिताने दिसते.

१०० चौरस किलोमीटरचा तुकडा घ्या. त्यात ८०० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशी एक पाळ आहे. सोपे करताना ती पूर्ण पुसली गेली आणि बाकी सगळी जमीन तंतोतंत राखली गेली असे समजू. पाळीने व्यापलेली जागा एकूण जागेच्या एक लाख भागांपैकी आठ. चुकीचा आकडा येतो सुमारे २.७ सेंटिमीटर. अशा ५० पाळी पुसल्या तरी तो १९ सेंटिमीटरवर थांबतो. निबंधाच्या कोष्टकात हा निकाल उत्कृष्ट ठरेल, आणि प्रत्यक्षात ५० गावांचे सिंचन नकाशावरून गेलेले असेल.

म्हणून कसोट्या कामाप्रमाणे बदलल्या पाहिजेत. सांडव्याची पातळी राहिली का? तलावात मावणारे पाणी किती टक्क्यांनी बदलले? प्रत्येक तलावाचे पाणलोट क्षेत्र तेवढेच आहे का? वरचा तलाव भरल्यावर पाणी त्याच खालच्या तलावात उतरते का? कालव्याच्या वाटेवर उलटा उतार कुठे तयार झाला का? हे पाच प्रश्न विचारले की वरवर उत्तम दिसणाऱ्या कित्येक पद्धती गळतात आणि आधी पाळी आखून घेणाऱ्या साध्या जाळ्या वर येतात.

आता करायचे काय

राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण, २०२२ ने २०३० पर्यंत सपाट भागासाठी २५ सेंटिमीटर आणि डोंगराळ भागासाठी १ ते ३ मीटर अचूकतेचे उंचीचे मॉडेल तयार करण्याचे लक्ष्य ठेवले आहे. ते आले की पाळीच नव्हे, मोठे धुरेही त्यात दिसतील. मोजणी लेसरने झाली तर किरण पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात, त्यामुळे जंगलाखालची खरी जमीनही काही प्रमाणात हाती लागेल. त्याच दिवशी आकडे शेकडो पटींनी वाढतील आणि ते कमी करणारी बटणे सर्रास दाबली जातील. म्हणजे खरा धोका मोजणीच्या टप्प्यावर नाही, त्यानंतरच्या छाटणीत आहे. आजच्या रूढ पद्धती तशाच वापरल्या तर २५ सेंटिमीटरच्या मोजणीतूनही तलाव पुन्हा गायब होतील.

ते टाळायला फार मोठे संशोधन लागत नाही. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे विभागाकडे नोंदलेले आहेत. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून राज्याचे नकाशे तयार करते. तलावांची यादी आणि उपग्रहचित्र समोरासमोर ठेवून प्रत्येक पाळ, सांडवा आणि पाट रेषेने आखता येतो. सांडव्याची उंची मात्र जागेवर जाऊन मोजली पाहिजे. गावातला पाणीवाटप करणारा माणूस ती जागा बोट ठेवून दाखवेल. हा रेषांचा थर एकदा तयार झाला आणि खुला ठेवला, की कोणत्याही पद्धतीला तो सक्तीचे बंधन म्हणून देता येतो. त्यापुढे जाळी त्रिकोणांची असो की चौकटींची, पद्धत जुनी असो की यंत्रशिक्षणाची, फरक कमी उरतो.

पन्नास वर्षांच्या कामाचा निकाल असा, की आकडे कमी करण्याची साधने भरपूर आणि चांगली आहेत. काय राखायचे हे मात्र एकही साधन स्वतःहून ठरवत नाही. ते प्रत्येक पद्धतीत कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते आणि ते ठरवताना त्याच्यासमोर बहुधा डोंगर होता. झाडीपट्टीत काम करणाऱ्या अभियंत्यांना, संशोधकांना आणि जीआयएस शिकवणाऱ्या प्राध्यापकांना म्हणून एकच सांगणे : पुढचा पाणलोट काढायला बसाल तेव्हा 'खड्डे भरा' हे बटण दाबण्याआधी तालुक्याची तलावांची यादी उघडा आणि त्यांतले किती तलाव तुमच्या नकाशावर उरले आहेत ते मोजा.